मागण्या नसलेलं पत्रक

आजारपणावर लिहिणाऱ्या माणसांचा मला राग येतो. शेवटी ते कुणाचे ना कुणाचे आभार मानतात. डॉक्टर देवमाणूस निघतो, शेजारी धावून येतात, आणि आजाराने आपल्याला काय शिकवलं ते लेखक सांगून टाकतो. मला हेपटायटिस सीने काही शिकवलं नाही. तो विषाणू आहे, मास्तर नाही. वर्षभर मी दर शुक्रवारी पोटात इंजेक्शन टोचून घेतलं, रोज कॅप्सूल गिळल्या, आणि त्या वर्षात ज्यांचा ज्यांचा द्वेष केला त्यातल्या निम्म्यांचा आजही करतो.

आमचं घर तोंडवलीला, समुद्राच्या अंगाला. वडील दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होते आणि उरलेल्या वेळात मच्छीमारांच्या चळवळीत. घरात देवाच्या तसबिरी दोन आणि पत्रकांचे गठ्ठे पोटमाळाभर. मी अंकलिपीवर वाचायला शिकलो नाही, त्या गठ्ठ्यांवर शिकलो. 'कमळ' वाचता यायच्या आधी मला 'धिक्कार' वाचता येत होतं. पत्रक कसं बांधायचं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. वर बंधू-भगिनींनो, मग अन्याय काय झाला ते, मग तो कुणी केला ते नाव घेऊन, मग आमच्या मागण्या, आणि तळाला मोठ्या संख्येने सामील व्हा. वडील गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. तेव्हा मी विशीत होतो. किनाऱ्याजवळ घुसून जाळी फाडणाऱ्या ट्रॉलरवाल्यांवर मी लिहिलेली पत्रकं मालवणच्या बंदरात लोक मोठ्याने वाचत. मला राग येत असे, तो मी नीट मांडत असे, आणि त्यामुळे चार माणसं रस्त्यावर येत. माझ्याकडे दुसरा काही गुण नव्हता आणि मला तो नकोही होता.

रक्तदान शिबिराचं पत्रकही मीच लिहिलं होतं. 'रक्ताला जात नसते', मोठ्या टायपात. शिबिरात पहिला खाटेवर झोपलो तोही मीच. नंतर रक्तपेढीतून बोलावणं आलं. तिथल्या माणसाने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की तुमचं रक्त आम्हाला चालणार नाही, पुन्हा कुठे देऊ नका आणि मोठ्या डॉक्टरला दाखवा. लहानपणी मी फणसावरून पडलो होतो, तेव्हा बाहेरचं रक्त चढवलं होतं. त्या काळी हा विषाणू कुणी तपासत नसे. ज्याने रक्त दिलं त्याला ठाऊक नव्हतं, ज्याने चढवलं त्यालाही नव्हतं. म्हणजे माझ्यावर झालेला सगळ्यात मोठा अन्याय, आणि पत्रकात नाव घालायला कुणीच नाही. मला वाटतं, मी तिथेच थोडा बिघडलो. इंजेक्शन नंतर आलं.

इंजेक्शन गोव्याच्या डॉक्टरने सुरू केलं. त्याच्याकडे मी एस्टीने जायचो.

"ताप येईल, अंग दुखेल, केस गळतील," तो म्हणाला. "आणि मन बिघडतं. उदास वाटतं, चिडचिड होते. घरी सांगून ठेवा."

"चिडचिड मला आधीपासून आहे."

"मग वाढेल."

"माझी चिडचिड कारणाने होते, डॉक्टर."

"ही कारणाशिवाय होईल," तो म्हणाला आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

पैसे कसे उभे राहिले ते इथे सांगत नाही. त्यावर वेगळं पत्रक निघेल आणि त्यात नावं असतील.

आमच्याकडे यकृताच्या कुठल्याही दुखण्याला कावीळच म्हणतात. माझी ती 'काळी कावीळ' ठरली. माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, दुसऱ्याच दिवशी येऊन ओट्यावर बसला.

"चल, तुका माळ घालूक व्हरतंय. वरच्या गावात एक जण आसा. माळ डोक्यार ठेवता, ती वाढत वाढत पायाकडे येता, कावीळ गेली."

"काका, त्या माळेतल्या काड्या सुकल्या की गाठी सैल होतत, म्हणान ती वाढता. मी ह्येच्यावर पत्रक लिवलंय."

"म्हायत आसा माका. वाचलंय मी ता. म्हणानच तुका कावीळ झाली."

हसू नका. तो विनोद करत नव्हता.

आई मासे विकायची. पहाटे लिलावातून मासळी घ्यायची आणि पाटी घेऊन बाजारात बसायची. काळी कावीळ बाजारात पोचायला वेळ लागला नाही. जुनी गिऱ्हाइकं तिच्या पाटीसमोर थांबायची, बांगड्याचा भाव विचारायची आणि पलीकडे जाऊन तेच बांगडे चढ्या भावाने घ्यायची. शेजारी बसणारी बाई एक दिवस पाटी ओढून लांब सरकली. मी तेव्हा औषधाच्या दुकानातून परतताना तिथेच उभा होतो.

"राग येव देव नको गो," ती बाई म्हणाली, "पण घरात रोग आसा तुझ्या. लोका भितत."

"माझो झील जल्मात मासळेक हात लावूक नाय," आई म्हणाली. "तुझो घोव लावता. तेचे हात आधी बघ, खंय खंय घालता तो."

तिच्या नवऱ्याचा विषय निघताच आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. पण ती लांब सरकलेली पाटी काही तेव्हा परत जवळ आली नाही. आईने त्याबद्दल घरी एक अक्षर काढलं नाही. मी मात्र त्या बाईवर मनातल्या मनात कितीतरी पत्रकं लिहिली.

मग मनातलीही थांबली.

नैराश्य म्हणजे रडणं असा लोकांचा समज आहे. मी एकदाही रडलो नाही. मला आवाज सोसेनासे झाले. शुक्रवारी इंजेक्शन, रात्री थंडी वाजून ताप, आणि शनिवारपासून आवाज. आई मागच्या दारी माशाची खवलं काढायला बसली की ती सुरी माझ्या पाठीवरून फिरते असं वाटे. किनाऱ्यावर पुण्या-मुंबईचे पर्यटक होडीतून डॉल्फिन बघायला जात आणि डॉल्फिन दिसला की किंचाळत. त्या किंचाळण्याचा इतका द्वेष वाटू लागला की शेवटी डॉल्फिनचाही वाटू लागला. अन्नाला गंजक्या पत्र्याची चव यायची. दात घासायला विहिरीवर जायचो आणि ब्रश हातात धरून उभाच राहायचो, कारण पुढे काय करायचं ते आठवायचं पण करावंसं वाटायचं नाही. वर्तमानपत्रात अन्यायाची बातमी वाचायचो आणि काही व्हायचं नाही. घरात कपबशी आपटली की मात्र रक्त उसळायचं. जगात रागावण्यासारखं इतकं काही असताना मी कपबशीवर रागावत होतो.

त्या दिवसांत माझ्यापुढे एकच प्रश्न होता. कोर्स पुरा करायचा की सोडायचा? अर्धं वर्षही उलटलं नव्हतं. सोडला तर विषाणू राहणार आणि यकृत हळूहळू सडणार. पण सडायला वीस-पंचवीस वर्षं लागतात म्हणे, आणि तेवढी वर्षं हवीत कुणाला? हा विचार मला भीतीने नाही, हिशेबाने यायचा. तोच त्यातला वाईट भाग होता.

अशात चळवळीतले दोघे जण घरी आले. दोघेही वडिलांच्या वयाचे, रापणीवरचे, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे. ट्रॉलरविरुद्ध तहसील कचेरीवर मोर्चा काढायचा होता आणि पत्रक हवं होतं. मी लिहून दिलं. लिहिताना बरं वाटलं, कारण हात भराभर चालला. ओट्यावर बसून एकाने ते मोठ्याने वाचलं, दुसरा मान डोलावत होता. वाचणारा शेवटाला आला, कागद उलटून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला.

"भारी लिवलंस. पण मागणी खंय आसा?"

"मागणी नाय."

"नाय म्हणजे? रवली काय लिवूची?"

"रवली नाय. सुचली नाय."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "अरे, आमी कचेरीत जातलंव. तहसीलदार इचारतलो, तुमका काय होया? मगे काय सांगूचा आमी? काय नको सायबानू, सहज इलंव?"

"तसांच सांगा."

"आणि ह्या काय? 'समुद्रात काही उरलेलं नाही आणि उरावं असंही काही नाही.' ह्या वाचून माणूस मोर्च्याक येतलो काय घरी जावन निजतलो?"

मी त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला आणि त्यांना चालते व्हा म्हणालो. वडिलांच्या सोबत्यांना, माझ्याच ओट्यावरून. ते गेले. जाताना एक जण आईला दबक्या आवाजात म्हणाला, "वैनी, तेच्या डोक्याक काय तरी झाला हा."

पुढच्या खेपेला डॉक्टरने विचारलं, "झोप लागते?"

"नाही."

"जगावंसं वाटत नाही, असं होतं कधी?"

"कुणाला वाटावं, अशी परिस्थिती आहे का?"

"मी परिस्थितीचं विचारत नाही, तुमचं विचारतोय." त्याने एक गोळी लिहून दिली. "ही मनासाठी. इंजेक्शनमुळे जे होतंय ते यानं आटोक्यात येईल. नाही घेतलीत तर कोर्स तुमच्याने पुरा होणार नाही, हे मी लिहून देतो."

मी ती घेणार नाही म्हणालो, आणि का ते सविस्तर सांगितलं. माणसाचं दुःख समाजातून येतं. ते गोळीने दाबणं म्हणजे अन्याय तसाच ठेवून ओरडणाऱ्याच्या तोंडात बोळा कोंबणं. माझा राग हा माझा विचार आहे. मी तो औषधाच्या दुकानात जमा करणार नाही.

डॉक्टरने घड्याळाकडे बघत ते सगळं ऐकलं. "तुमचा राग मी ठेवून घेत नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे जागा नाही. पण आत्ता जो आहे तो तुमचा नाही, तो त्या सिरिंजमधला आहे. तुमचा परत आला की बघा ओळखतोय का."

मला त्याचा गळा धरावासा वाटला. चिठ्ठी मी एस्टी स्टँडवरच फाडली.

मग उन्हाळा आला आणि भारनियमन. वीज सकाळी जायची, संध्याकाळी यायची, कधी रात्रीही नसायची. इंजेक्शन थंड ठेवावं लागतं. घरचा जुना फ्रिज दुपारी उघडला तर आतून कोमट हवा यायची. आई म्हणाली, "फ्रिज मरू दे. बर्फ माझो आसा." तिने बाजारातून थर्माकोलची नवी पेटी आणली, मासा न ठेवलेली, वास नसलेली. बर्फाच्या कारखान्यातून फोडलेला बर्फ आणला. सिरिंज तिच्या खोक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फात पुरली, वर गोणपाट टाकलं आणि पेटी माजघरात, भिंतीच्या थंड कोपऱ्यात ठेवली. मी खाटेवरून हे बघत होतो. मूठ भरून काहीतरी बर्फावर पसरलं तेही बघितलं, पण विचारलं नाही. विचारायला तोंड उघडावं लागतं.

शुक्रवारी दुपारी मी पेटी उघडली, सिरिंज काढली आणि उजेडात धरली. आतलं औषध पांढरं पडलं होतं. आडवी-उभी केली, काही हललं नाही. गोठून त्याचा दगड झाला होता. औषधाच्या खोक्यातलं माहितीपत्रक मी पहिल्याच दिवशी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं, आमच्या घरात पत्रक न वाचता कुणी टाकत नाही. त्यात स्पष्ट होतं: गोठवू नये, गोठल्यास वापरू नये. बर्फावर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट.

मला आनंद झाला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, खराखुरा. कोर्स मोडला होता आणि तो मी मोडला नव्हता. आता नाव घालायला माणूसही मिळालं होतं.

आई बाजारातून आली. पाटी अजून डोक्यावर होती, तेव्हाच मी सुरुवात केली. उभा राहून, सिरिंज हातात धरून. हे औषध किती नाजूक असतं याची तुला कल्पना आहे का. यामागे किती लोकांचे कष्ट आहेत. कुणालाही न विचारता, केवळ अज्ञानापोटी, एका माणसाच्या जिवाशी खेळण्याचा अधिकार तुला कुणी दिला. या बेजबाबदारपणाचा जाब कोण देणार. असं बरंच. वाक्यं आपोआप येत होती, मुद्द्यामागून मुद्दा, ट्रॉलरवाल्यांसाठी झिजवून गुळगुळीत केलेली.

आईने पाटी खाली ठेवली. डोक्यावरची चुंबळ काढून हातात धरली.

"माझ्याकडे मामलेदारासारखा बोला नको," ती म्हणाली. "काय झाला ता सरळ सांग."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तिच्याशी कचेरीतली मराठी बोलत होतो. ती भाषा आमच्या घरात कुणी आईशी बोलत नाही. ती सायबाशी बोलतात.

"गोठला ह्या. वाया गेला. मीठ कित्याक घातलंस?"

"बर्फाक मीठ घालूचाच लागता. मासो दोन दिवस जास्त रवता."

"ह्यो मासो नाय!"

"माका काय म्हायत? थंड ठेव म्हणालस, माका जितक्या थंड करूक येता तितक्या केलंय." तिने सिरिंज माझ्या हातातून घेतली, उन्हात धरून बघितली, वास घेतला. सुरमई ताजी आहे का बघताना घेते तसा. "घट झाला हा खरा," ती म्हणाली. "गेला."

"गेला. आता मी बाकीची घेवचंय नाय. सोडलंय मी ह्या सगळा."

मला वाटलं, ती रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. पण तिने सिरिंज चौकटीच्या फळीवर ठेवली आणि विचारलं, "मगे? आता तुका काय होया?"

काय हवं, तहसीलदार विचारतो तोच प्रश्न. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे पुढचं काम सुरू करता येईल. तिला अजून पाटी धुवायची होती. मी तोंड उघडलं. अन्याय सांगून झाला होता, नाव घेऊन झालं होतं. पुढे कोरं. मरायचंय म्हणालो असतो, पण तेही खरं नव्हतं, त्यासाठीही काहीतरी हवंसं वाटावं लागतं. ती उभीच राहिली. तिच्या पायांवरची खवलं उन्हात चमकत होती आणि माश्या त्यांवर बसत होत्या.

"माका झोप होयी, आये," मी म्हणालो.

"आणि?"

"आणि ह्ये आवाज बंद होवक होये."

"खयचे आवाज?"

"सगळे. तुझ्या सुरयेचो सुद्धा."

"बरा," ती म्हणाली आणि पाटी उचलून विहिरीकडे गेली. त्या संध्याकाळी तिने मासा शेजारच्या आवाठात, चार घरं पलीकडे, नेऊन साफ केला. दुसऱ्या दिवशी बाजार बुडवला आणि माझ्याबरोबर गोव्याच्या एस्टीत बसली, थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणाला, मासे असतील तर टपावर टाका. "तुका वास येता काय रे?" ती म्हणाली. "नाक तुझा कुसला असात." पूर्ण प्रवासभर तो आमच्या बाजूला फिरकला नाही.

डॉक्टर माझ्याकडे बघत होता, बोलली आई. तिने औषध गोठल्याचं सांगितलं, मिठाचंही सांगितलं, जराही न ओशाळता. मग म्हणाली, "आणि तेका झोप होयी. ता आधी बघा."

डॉक्टर म्हणाला की एक इंजेक्शन चुकल्याने कोर्स मोडत नाही, नवं घ्या आणि पुढे चालू ठेवा. म्हणजे माझा आदल्या दिवशीचा आनंदही फुकटच होता. मग त्याने तीच गोळी पुन्हा लिहिली आणि चिठ्ठी या खेपेला आईच्या हातात दिली.

मी गोळी पटली म्हणून घेतली नाही. आजही माझा त्याच्याशी वाद आहे. पण मी मागणी केली होती, तोंडाने केली होती, आणि आईने ती डॉक्टरसमोर मांडली होती. मागणी मान्य झाल्यावर उपोषण चालू ठेवता येत नाही, एवढा चळवळीचा नियम मला माहीत होता.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही, तोंड तेवढं कोरडं पडलं. मग एका सकाळी विहिरीवर दात घासून झाले आणि मी घरात परत आलो तेव्हा कळलं की मध्ये थांबलो नव्हतो. झोप आली. आवाज गेले नाहीत, पण आपापल्या जागी परतले. सुरी माशावरून फिरू लागली. पर्यटक किंचाळत तेव्हा राग यायचाच, आणि तो बरोबरच होता.

मोर्चाचं पत्रक दुसऱ्याने लिहिलं. वाईट लिहिलं, पण त्यात पाच मागण्या होत्या. मोर्चा निघाला. मी तापात होतो, गेलो नाही.

कोर्स पुरा झाला. नंतर बऱ्याच महिन्यांनी तपासणी झाली, विषाणू सापडला नाही. काका ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आता सांगतंय. तुझ्या नावान मीच माळ घालून घेतललंय. पायापर्यंत इलली." बाजारातली ती बाई पाटी घेऊन पुन्हा आईच्या शेजारी सरकली. आईने तिला विडा दिला. मी दिला नसता.

माझा राग परत आला का, हे बघण्याचा पत्रकांखेरीज दुसरा मार्ग नाही. पत्रकं लिहितो. मागण्या आधी लिहून काढतो, अन्याय नंतर. जुने लोक म्हणतात, पूर्वीची धार नाही. असेल.

थर्माकोलची पेटी आता माशांसाठी आहे. आई अजून बर्फात मीठ घालते. मी तिला सांगतो की मिठाने बर्फ टिकत नाही, उलट लवकर वितळतो, फक्त जास्त थंड होतो. पुस्तकात आहे. ती गोणपाट बाजूला करून बांगडा शेपटीला धरून उचलते. तो काठीसारखा ताठ उभा राहतो.

"पुस्तक मरू दे," ती म्हणते. "ह्यो बघ."

मी बघत नाही. भांडतो.